ताईच्या नावाचा पुरस्कार

आमच्या ताईच्या नावाचा एक लहानसा पुरस्कार आहे. स्तनाच्या कॅन्सरवर विदर्भात काम करणाऱ्या एखाद्या तरुण डॉक्टरला, नर्सला किंवा समाजकार्याच्या विद्यार्थिनीला तो देतो. रक्कम ऐकून पुण्या-मुंबईचा माणूस गालातल्या गालात हसेल. ताई चामोर्शी तालुक्यातल्या आमच्या गावात शिलाईचं काम करायची. मी आरमोरीला शाळेत शिकवायचे, आता निवृत्त आहे. पुरस्काराचं कार्यालय म्हणजे एक पासबुक, एक फाईल आणि माझा फोन. तरी दर थोड्या दिवसांनी कोणीतरी विचारतंच, "मॅडम, आमच्या आईच्या नावानं आम्हालाही असं काही करायचं आहे. कसं करता?" त्यांना फोनवर तुकड्या-तुकड्यानं सांगत आले, ते इथे एकदा नीट लिहून काढते.

१. आधी प्रश्न शोधा, रक्कम मागाहून

ताईची तेरवी झाली आणि घरात बैठक बसली. दादा म्हणाला, फाट्यावर प्रवासी निवारा बांधू. वहिनीच्या मनात देवळाचं दार होतं. काकांना दहावीत पहिल्या येणाऱ्या मुलीसाठी बक्षीस ठेवायचं होतं. यातलं एकही वाईट नव्हतं. पण ताईचा मुलगा बराच वेळ गप्प बसून मग म्हणाला, "आई कशानं गेली, हे तं कोणी बोलूनच नाही राहिलं."

ताईच्या गाठीत दुखणं नव्हतं. दवाखान्यात पोचली तोवर काखेतही गाठी आल्या होत्या. मी विचारलं होतं, "ताई, काहून सांगतलं नाही?" तर शांतपणे म्हणाली, "दुखतच नोहोती, तं सांगू काय?" आमचा प्रश्न तिथेच होता. न दुखणारी गाठ बाई का दाखवत नाही? ती दाखवावी म्हणून कोणी, कुठे, काय केलं तर उपयोग होतो? कॅन्सर बरा करणारं औषध शोधणं आमच्या पैशाच्या आणि अकलेच्याही पलीकडचं. या प्रश्नाचा एखादा कोपरा धरून बसणाऱ्या मुलीला वर्षभर हात देणं मात्र जमण्यासारखं होतं.

बहिणीच्या नावानं असं काही उभं करणारी मी काही पहिली नव्हे. अमेरिकेत सुझन कोमेन नावाची बाई १९८० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी स्तनाच्या कॅन्सरनं गेली. तिच्या धाकट्या बहिणीनं, नॅन्सी ब्रिंकरनं, १९८२ साली तिच्या नावानं संस्था काढली. स्तनाच्या कॅन्सरच्या संशोधनाला पैसा देणाऱ्या जगातल्या मोठ्या संस्थांत आज ती मोजली जाते. त्यांचं गुलाबी रिबिनीचं प्रस्थ मला फारसं रुचत नाही, पण धाकट्या बहिणीचा हट्ट मला कळतो.

२. टाटांचं उदाहरण घरच्यांना जरूर सांगा

"संशोधनाला पैसे देऊन आपल्या माणसाचं नाव कुठे राहतं?" हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. त्याला मी मेहरबाईंची गोष्ट सांगते.

दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई टेनिस खेळायच्या, तेही साडी नेसून. १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरनं त्या गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजींनी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला, तो रक्ताच्या कॅन्सरवर संशोधन करणाऱ्यांना मदत देण्यासाठी. ही मदत फक्त भारतातल्या संशोधकांपुरती नव्हती. १९३२ साली गुलाम देशातला एक माणूस बायकोच्या आठवणीसाठी जगभरच्या शास्त्रज्ञांना पैसे देत होता, याचं मला अजून नवल वाटतं. त्याच वर्षी दोराबजीही गेले. मेहरबाईंसाठी त्यांनी घेतलेला २४५ कॅरेटचा ज्युबिली हिरा पुढे विकला गेला आणि तो पैसा त्यांच्या ट्रस्टकडे आला. त्याच सर दोराबजी टाटा ट्रस्टनं २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू केलं. गडचिरोलीच्या कोणत्याही गावात 'टाटाला नेलं' एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. त्या नावातला 'मेमोरियल' शब्द मात्र कोणाच्या ध्यानात राहत नाही.

नागपूरचंही तसंच. आमच्याकडचे पेशंट वर्षानुवर्षं जिथे जातात त्या प्रादेशिक कॅन्सर रुग्णालयाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव आहे. अलीकडे उभी राहिलेली नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट चालवणारी संस्था डॉ. आबाजी थत्ते यांच्या नावाची आहे. नाव भिंतीवर राहतं, पण टिकतं ते आत चालणाऱ्या कामामुळे.

दादाला हिऱ्याची गोष्ट फार आवडली. "आपल्याजवळ तं हिरा नाही," म्हणाला. ताईचं शिलाई मशीन आणि दोन एकर धान, एवढंच होतं.

३. संशोधन मुंबईतच होतं असं नाही

ही समजूत आमच्याकडच्या शिकलेल्या लोकांतही पक्की आहे. त्यांच्यासाठी बार्शी.

नर्गिस दत्त १९८१ च्या मे महिन्यात स्वादुपिंडाच्या कॅन्सरनं गेल्या. त्यांच्या नावाचं कॅन्सर हॉस्पिटल सोलापूर जिल्ह्यात बार्शीला आहे. बार्शी म्हणजे जिल्ह्याचं ठिकाणसुद्धा नव्हे, साधं तालुक्याचं गाव. डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे १९८७ साली भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू केली. शहरात दवाखान्यांची रजिस्टरं पाहिली की आकडे मिळतात. खेड्यात माणूस दवाखान्यात न जाताच मरतो, मग नोंद कुठून येणार? म्हणून बार्शीचे कार्यकर्ते गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, गाठ असलेली, रक्त जाणारी माणसं शोधून काढत राहिले. त्याच हॉस्पिटलच्या आधारानं उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची मोठी चाचणी झाली. सव्वा लाखाहून जास्त बाया तिच्यात होत्या. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं त्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे २००९ साली जगाला त्या चाचणीतून कळलं.

आता आपल्याकडे बघू. २०२० साली आलेल्या राष्ट्रीय अहवालात देशभरातल्या २८ नोंदणी केंद्रांचे आकडे आहेत. त्यात नागपूर आहे, वर्धा आहे, बार्शी आहे. गडचिरोली नाही, चंद्रपूरही नाही. देशात २०२२ साली स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाले, असा आंतरराष्ट्रीय संस्थेचा अंदाज आहे. त्यात एटापल्लीच्या किती आणि कोरचीच्या किती, हे सांगायला आपल्याकडे वहीच नाही. संशोधन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सूक्ष्मदर्शक येतो. मला वाटतं, आमच्या दोन जिल्ह्यांत ते वहीपासूनच सुरू व्हायला हवं.

४. दुखत नाही, म्हणून दाखवत नाही

हा मुद्दा माझा जीव की प्राण आहे, तेव्हा जरा लांबेल.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग १९८६ साली गडचिरोलीला आले. त्यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बाया तपासल्या. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. ९२ टक्के बायांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, आणि आयुष्यात आधी कधी तशी तपासणी झालेल्या बाया जेमतेम आठ टक्के. तो अभ्यास स्तनाच्या कॅन्सरचा नव्हता. तरी आमच्या पुरस्काराच्या प्रत्येक अर्जदाराला मी तो वाचायला लावते. बाईच्या अंगावरचं दुखणं विचारल्याशिवाय बाहेर येत नाही आणि विचारायला बाईच लागते, हे त्यात आकड्यांनी सिद्ध झालं आहे. जगभरच्या तज्ज्ञांना त्यानं विचार करायला लावलं, आणि त्याची सुरुवात गडचिरोलीपासून चार पावलांवरच्या गावांत झाली होती.

दुखत असूनही बाया सांगत नव्हत्या. मग न दुखणाऱ्या गाठीचं काय होणार?

ताईनं ती वर्षभर झाकून ठेवली. का, ते आता मला बरंचसं कळतं. पहिलं कारण, दुखणं नाही. आमच्याकडे धान रोवणीत कंबर मोडते, तेंदूपत्ता तोडताना अंगाची लाही होते, मोहफुलं वेचताना पहाटेपासून वाकून राहावं लागतं. एवढं सगळं दुखत असताना जे दुखत नाही त्याच्यासाठी कोण बस पकडेल? दुसरं, दाखवायचं कोणाला? उपकेंद्रात नर्सबाई असली तर ठीक. तालुक्याला गेलं की पुरुष डॉक्टर, सोबत नवरा किंवा मुलगा, आणि अर्धवट ओढलेला पडदा. तिसरं कारण कोणी लिहून घेत नाही: गाठ निघाली तर पुढे काय, याची धास्ती. लेकीचं लग्न जमायचं आहे, 'आईले कॅन्सर होता' असं कळलं तर सोयरीक मोडते. ताईनं हे शब्द उच्चारले नाहीत, पण भाचीचं लग्न होईपर्यंत थांबली, हे खरं.

यावरचे उपाय कागदावर आहेत. सरकारच्या कार्यक्रमात तीस वर्षांपुढच्या बायांची तोंडाची, गर्भाशयमुखाची आणि स्तनाची तपासणी होते. आशाताईच्या सी-बॅक फॉर्मवर 'स्तनात गाठ आहे का' असा प्रश्न छापलेला असतो. आमच्या एका पुरस्कारप्राप्त मुलीनं एवढंच पाहिलं की तो प्रश्न कसा विचारला जातो. अंगणात, सासूसमोर, दिराच्या कानावर पडेल असा विचारला तर उत्तर ठरलेलं: नाही. तोच प्रश्न नळावर, दोघीच असताना विचारला तर बाई थबकते. एका वर्षाच्या कामातून निघालेली ही गोष्ट कोणाला किरकोळ वाटेल. मला ती सूक्ष्मदर्शकाइतकीच मोठी वाटते.

५. स्वस्त प्रश्नांना कमी लेखू नका

संशोधन म्हणजे महागडी औषधं, अशी समजूत घेऊन आमच्याकडे अर्ज येतात. त्यांना मी लिडोकेनच्या सुईबद्दल सांगते.

दात काढताना हिरडी बधिर करतात ते हे औषध. टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळाच प्रश्न विचारला: ऑपरेशनच्या वेळी गाठीला हात लागतो, तेव्हा कॅन्सरच्या पेशी सुटून पळत असतील, तर गाठ काढण्याआधी भोवतालचा भाग बधिर करून पाहायचा का? २०११ पासून देशातल्या अकरा केंद्रांत सुमारे १६०० बायांवर ही चाचणी झाली. निम्म्यांना गाठ काढण्याआधी सात ते दहा मिनिटं गाठीच्या भोवती ते इंजेक्शन दिलं. २०२३ साली निकाल छापून आला. पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण इंजेक्शन न दिलेल्यांत ८६.४ टक्के, दिलेल्यांत ९०.१ टक्के. म्हणजे शंभर बायांमागे जवळपास चार जास्त वाचल्या, तेही तालुक्याच्या दवाखान्यात मिळणाऱ्या औषधानं. ही घरी घ्यायची सुई नव्हे, आणि ऑपरेशन होण्याजोग्या कॅन्सरपुरतीच ही गोष्ट आहे. पण औषध कंपन्यांना असल्या प्रश्नात रस नसतो, कारण विकायला नवं काही नाही. अशा ठिकाणीच सरकारचा आणि आठवणीपोटी दिलेला पैसा लागतो.

असाच दुसरा प्रश्न शेकाचा, म्हणजे रेडिएशनचा. ताईला ऑपरेशननंतर पाच आठवडे शेक घ्यायला सांगितला होता, शनिवार-रविवार सोडून रोज. गडचिरोलीहून नागपूर जाऊन-येऊन तीनशे किलोमीटरच्या वर. म्हणजे नागपुरातच राहायचं. त्यात रोवणीचे दिवस. किती बाया शेक अर्धवट टाकून घरी येतात, हे वॉर्डातल्या कोणत्याही सिस्टरला विचारा. इंग्लंडमधल्या संशोधनानं पाच आठवड्यांचे तीन केले. २०२० साली तिथल्याच ९७ रुग्णालयांतल्या चार हजारांवर बायांच्या चाचणीतून दिसलं की अनेकींना एका आठवड्यात पाच वेळा दिलेला शेक तेवढंच काम करतो. लंडनच्या बाईचे दोन आठवडे वाचले. भामरागडच्या बाईचा तर उपचारच वाचला. पर्लकोटेला पूर आला की तिचा रस्ता बंद होतो. एक आठवडा ती कशीही काढू शकते, पाच आठवडे नाही.

पुरस्कारासाठी विषय निवडताना आम्ही एवढंच बघतो: उत्तर मिळालं तर आमच्याकडच्या बाईचा एक फेरा तरी वाचेल का?

६. घाई असेल तर दुसरा रोग निवडा

मुंबईच्या वस्त्यांत १९९८ साली टाटा मेमोरियलच्या डॉ. इंद्रनील मित्रा यांनी एक चाचणी सुरू केली. ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजारांवर बाया. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी घरोघरच्या बायांचे स्तन हातानं तपासायच्या, असे चार फेरे. मॅमोग्राफीचं मशीन नाही, काही नाही. दुसऱ्या निम्म्या वस्त्यांत फक्त माहिती दिली. निकाल आला २०२१ साली. पन्नाशीच्या पुढच्या बायांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. पन्नाशीच्या आतल्यांत मात्र फायदा दिसला नाही, आणि सगळ्या वयांच्या मिळून जो १५ टक्क्यांचा फरक आला तो योगायोगही असू शकतो, हेही त्यांनी स्वच्छ लिहिलं.

वीस वर्षं खपून "एवढंच खात्रीनं सांगता येतं" असं म्हणायला धाडस लागतं. आमच्या एका देणगीदारानं पहिल्याच वर्षी विचारलं होतं, "मॅडम, यंदा काय निष्पन्न झालं?" त्यांना मी ही गोष्ट सांगितली. पुढच्या वर्षी त्यांनी पैसे दिले नाहीत. असो.

७. पैसे बस, झेरॉक्स आणि दुभाष्यावर खर्च होऊ द्या

मोठ्या संस्था यंत्र घेऊन देतात. लहान पुरस्कारानं त्या वाटेला जाऊ नये. संशोधन करणाऱ्या मुलीला खरी गरज असते ती धानोऱ्याच्या पुढे जायला गाडीभाड्याची, मोबाइलच्या रिचार्जची, फॉर्मच्या झेरॉक्सची, आणि सोबत येणाऱ्या स्थानिक बाईच्या रोजीची. ती बाई दिवसभर फिरते म्हणजे तिची त्या दिवसाची मजुरी बुडते. बऱ्याच ठिकाणच्या अनुदानात हा खर्च बसत नाही. आमच्यात बसतो.

भाषेचं तर विचारूच नका. आमचा जिल्हा एक, भाषा किती! भामरागड-एटापल्लीत माडिया, जिकडेतिकडे गोंडी, सिरोंच्याकडे तेलुगू, कोरची-कुरखेड्याला छत्तीसगढी, मुलचेऱ्याला बंगाली. अभ्यासात भाग घ्यायची संमती मराठीत छापून तिच्यावर अंगठा घेणं याला मी संमती मानत नाही. सिरोंच्याच्या बाया उपचाराला नागपूरला येतच नाहीत, नदी ओलांडून तेलंगणात जातात. त्यांचा माग कोण ठेवणार? एका मुलीनं हाच विषय घेतला होता. पुरस्काराचे निम्मे पैसे बसभाड्यात गेले. हिशेब पाहून दादा करवादला, मला मात्र समाधान वाटलं.

ताईच्या वेळी उपचाराचा खर्च राजीव गांधी जीवनदायी योजनेतून झाला. २०१२ साली ही योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम आली त्यांत गडचिरोली होता. आता तिला महात्मा फुल्यांचं नाव आहे. ऑपरेशन झालं, केमो झाली, पैसे लागले नाहीत. लागले ते राहण्या-खाण्याला, येण्या-जाण्याला आणि सोबतच्या माणसाच्या बुडालेल्या मजुरीला. मुंबईला जाणाऱ्यांना दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा आधार देते. आमच्या विदर्भातल्या त्या फकिराचे हे उपकार रोज कोणाला तरी आठवतात. चंद्रपुरात टाटा ट्रस्ट, राज्य सरकार आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठान यांच्या भागीदारीतून कर्करोग रुग्णालय उभं राहिलं आहे, त्यानं आमच्या बायांची वाट निम्म्यानं तोडली तरी पुष्कळ.

८. बायांना विचारलं की वेगळेच विषय निघतात

ताईची एक बाजू ऑपरेशनमध्ये गेली. घरी आल्यावर तिनं पहिल्यांदा काय केलं असेल तर मशीनवर बसून स्वतःचा ब्लाउज उसवला. आत कापसाची गादी शिवली. पण कापूस हलका. हात वर केला की ब्लाउज त्या बाजूनं वर चढायचा. मग तिनं गादीत मोहरी भरून वजन बरोबरीला आणलं. तिची गोष्ट कानोकानी पसरली आणि आजूबाजूच्या गावांतून ऑपरेशन झालेल्या बाया गुपचूप तिच्याकडे माप द्यायला येऊ लागल्या. कॅन्सरबद्दल चकार शब्द न काढणाऱ्या बाया मापाच्या फितीसमोर घडाघडा बोलायच्या. हात सुजतो, कळशी उचलवत नाही, रोवणीला बोलावणं येत नाही, नवरा वेगळा झोपतो.

यातलं डॉक्टरांच्या फाईलमध्ये काय असतं? जवळजवळ काहीच नाही. म्हणून आमच्या निवडीत एक नियम आहे. तिघांच्या समितीत एक जण स्वतः या रोगातून गेलेली बाई असते, आणि तिचं मत तज्ज्ञांच्या मताइतकंच मोजतात. एकदा दोन अर्ज अटीतटीचे होते. एक रक्ताच्या तपासणीबद्दल, देखणा, इंग्रजीत. दुसरा नर्सिंगच्या मुलीचा, ऑपरेशननंतर सुजणाऱ्या हाताबद्दल: धानाच्या कामाला परत जाणाऱ्या बाईला कोणता व्यायाम झेपतो? समितीतली बाई म्हणाली, "पहिल्याचं मले समजलं नाही. दुसऱ्याचं माह्या हातालेच समजलं." दुसरा निवडला.

९. शाल-श्रीफळ आवरा

एकच सांगते. पहिल्या वर्षी कार्यक्रमाला मंडप, माईक, तीन पाहुणे आणि जेवण. खर्च पुरस्काराच्या रकमेच्या आसपास गेला. पाहुण्यांनी ताईचं नाव दोनदा चुकवलं. आता आम्ही रक्कम सरळ खात्यात टाकतो आणि त्या मुलीला गावात बोलावून चावडीवर बायांसमोर तिचं काम सांगायला लावतो. माईक नाही, पुरुष मंडळी बाहेर. तिथे प्रश्न असे येतात की विद्यापीठातले परीक्षक परवडले.

आणि नात्यातल्यांचे अर्ज घेऊ नका. पहिला फोन पुतण्याच्या सासऱ्याचाच येतो.

१०. फाईल विसर्जित करू नका

आमच्याकडे माणूस गेला की अस्थी मार्कंड्याला वैनगंगेत सोडतात आणि घरी येऊन त्याची औषधं, एक्स-रे, दवाखान्याचे कागद जाळून टाकतात. नजरेसमोर नको म्हणून. भावना मी समजते. पण त्या पिशवीत तुकडा तपासल्याचा रिपोर्ट असतो. गाठ केवढी होती, काखेत किती गाठी, हार्मोनची तपासणी काय आली, हर-टू आहे की नाही, केमो कधी सुरू झाली, कुठे खंडली, हे त्यात लिहिलेलं असतं. काही घरांत हा रोग पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो. तिथे हाच कागद लेकीच्या, बहिणीच्या डॉक्टरला सर्वांत आधी लागतो. जिथे नोंदणीची वही नाही, तिथे संशोधन करणाऱ्यालाही तो सोन्यासारखा.

तेव्हा गडचिरोली-चंद्रपूरच्या वाचकांना माझी विनंती आहे. घरात स्तनाच्या कॅन्सरनं कोणी गेलं असेल किंवा त्यातून बरं झालं असेल, तर फाईल जपून ठेवा. मूळ कागद कोणालाही देऊ नका. कोणी अभ्यासासाठी मागितले तर ते कोणत्या संस्थेचे, काय करणार, नाव गुप्त राहील का, हे विचारा, लेखी घ्या आणि मगच झेरॉक्स द्या. रिपोर्ट हरवला असेल तर जिथे तुकडा तपासला त्या प्रयोगशाळेत चौकशी करा, तिथे पुष्कळदा नमुना जपलेला असतो. आणि घरातल्या तीस वर्षांपुढच्या प्रत्येक बाईला, एकटीला गाठून, एवढं विचारा: छातीत, काखेत कुठे गाठ लागते का? दुखत नसली तरी.